जुन्या वायरींची पिशवी

माझ्या होणाऱ्या मेहुण्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. कारण विचाराल तर एवढंच, की त्याच्यात संशय घ्यावा असं काही सापडतच नव्हतं.

मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळतं, गोदामात पाणी शिरतं, यंत्र फुटतं, मग माणसं भरपाई मागतात, आणि ते जळणं-फुटणं आपोआप झालं की कोणी हातभार लावला, हे बघायला मला पाठवतात. इतकी वर्षं हेच केल्यावर नजर बिघडतेच. कोणाकडे जेवायला गेले तरी मी आधी गॅसची नळी बघते. घरात मला 'फौजदार' म्हणतात. बाकीचे माघारी म्हणतात, धाकटी बहीण तोंडावर म्हणते. तिला आम्ही बारकी म्हणतो. तिशी उलटली, लग्न ठरलं, तरी बारकीच. आई-बाबांनंतर आम्ही दोघीच या घरात राहतो.

बारकी चित्रं काढते. जाहिरातींची चित्रं काढायची चांगली चाललेली नोकरी सोडून ती गेली काही वर्षं एक फिल्म करत होती. म्हातारपणी पोहायला शिकणाऱ्या एका बाईची गोष्ट. एकेक चित्र हाताने काढायचं आणि सगळी जोडून हलती करायची. सुरुवातीचे कच्चे नमुने बघून एका चित्रपट महोत्सवाच्या समितीने ती निवडली होती. ओळखीचे सगळे विचारायचे, 'फिल्म कुठवर आली?' आणि मी शेजारणीपासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे, 'होतच आली.' स्वतः मी मात्र त्यातलं एक चित्रही पाहिलं नव्हतं. 'पुरी झाल्याशिवाय दाखवणार नाही,' असं तिने बजावलं होतं. मी दार ढकललं की ती पडद्यावरचं काम झटकन खाली करायची. मी म्हणायचे, असतात एकेकाच्या तऱ्हा.

तर सोमवारी फिल्म समितीच्या हातात द्यायची होती, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला. टक् असा आवाज झाला, पंखा थांबला आणि खोलीत जळक्या रबराचा वास भरला. मी धावत गेले तर बारकी खुर्चीत मांडी घालून बसलेली. 

"गेलं सगळं," ती म्हणाली. आवाजही चढला नव्हता. मला वाटलं, धक्का बसलाय.

"दुसरीकडे कुठे काढून ठेवलंयस की नाही?"

"आहे ना. दुसऱ्या डिस्कवर."

दुसरी डिस्क कुठे, तर त्याच कॅबिनेटमध्ये, पहिलीच्या बरोबर वर. एकच वायर आधी एकीत जाऊन मग दुसरीत गेलेली. म्हणजे घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात. मी म्हटलं, यातली एक काढून दे, माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवते. त्यावर ती अशी अंगावर आली की मी मागे सरले. "तू तुझी फौजदारी ऑफिसात कर, ताई! माझ्या कामाला हात लावायचा नाही." 

संध्याकाळी होणारा मेहुणा आला. तो औषधाच्या दुकानात असतो. मनातल्या मनात मी त्याला औषधवाला म्हणायचे आणि तोंडावर अहो-जाहो करायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्याला कॉम्प्युटरचंही थोडंफार कळायचं. त्याने टेबलाखालून कॅबिनेट ओढून काढलं, वास घेतला, बघितलं आणि म्हणाला, "पॉवर सप्लाय गेलाय. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला झेपेल तेवढी वाटून देणारा हा डबा. बाकी काही झालेलं नाही. डिस्क माझ्या मशीनला लावून बघतो हवं तर, पण शाबूत असणार."

"नक्की?" बारकीने विचारलं.

"अगदी नक्की. नको काळजी करूस."

बारकी उठून पाणी प्यायला गेली. डिस्क त्याच्या मशीनला काही लावू दिल्या नाहीत तिने.

आता माझ्या संशयाचं सांगते. औषधवाल्याच्या मालकाने दुसऱ्या शहरात नवं दुकान काढलं होतं आणि ते त्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. लग्न करून बारकीला घेऊन जायचं, हा त्याचा बेत. बारकीचं म्हणणं एकच, 'फिल्म होऊ दे, मग.' हे 'मग' किती वेळा पुढे गेलं होतं कोण जाणे. तो बिचारा कधी कुरकुर करायचा नाही. पण न कुरकुरणारी माणसं मी फार पाहिली आहेत. फिल्म संपत नव्हती म्हणून लग्न अडलं होतं. फिल्मच नाहीशी झाली तर? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

दुसऱ्या दिवशी तो नवा पॉवर सप्लाय घेऊन आला. खोक्यावरची चिकटपट्टी कापलेली होती.

"हे उघडलेलं कसं?" मी विचारलं.

"मीच उघडलं, ताई. दुकानातच सगळं बाहेर काढून बघून घेतलं. वायरी पुऱ्या आहेत ना, ते."

"बिल?"

"आहे ना." त्याने खिशातून काढून दिलं. बिल बरोबर होतं. मला आणखीच खटकलं.

मग तो जमिनीवर चादर पसरून बसला आणि नवा डबा त्याने बाहेर काढला. डब्याला वायरी नव्हत्याच, पाठीवर नुसती भोकं. "याला मॉड्युलर म्हणतात," तो म्हणाला. "लागतील तेवढ्याच वायरी खुपसायच्या, उरलेल्या खोक्यात. आत गर्दी होत नाही, हवा खेळती राहते." जुना पॉवर सप्लायही त्याच जातीचा होता. त्याच्या वायरी अजून कॅबिनेटमध्येच होत्या, मागच्या बाजूने छान वळवून, पट्ट्यांनी बांधून ठेवलेल्या.

"मग या जुन्याच राहू देत ना," बारकी म्हणाली. "नवा डबा, जुन्या वायरी. तोंडं तर सारखीच दिसतात."

औषधवाल्याने हात वर केला, दुकानात एखाद्याने चिठ्ठीशिवाय गोळ्या मागाव्यात तसा. "तिथेच लोक फसतात. हे बघ." त्याने एक जुनी वायर आणि एक नवी वायर शेजारी शेजारी धरली. "डिस्कमध्ये जातं ते टोक सगळीकडे एकसारखं असतं, ते ठरलेलं आहे. पण डब्यात जाणारं हे टोक आहे ना, ते ज्याने त्याने आपल्या मनासारखं केलेलं असतं. बाहेरून आकार तोच. बसतंही घट्ट. पण कुठल्या भोकात बारा व्होल्ट आणि कुठल्या भोकात पाच, हा क्रम कंपनीगणिक वेगळा. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन डब्यांचाही जुळत नाही. चुकीची वायर लावलीस तर डिस्कला पाचाच्या जागी बारा मिळतील."

"मग?" बारकीने विचारलं.

"मग काही नाही. बटण दाबलं की संपलं. त्या वायरीवर असतील तेवढ्या सगळ्या डिस्क जातात. धूर येईल किंवा तेवढाही येणार नाही."

"परत काही मिळत नाही?"

"धरून चाल की नाही मिळत."

खाली टायरवाल्याच्या दुकानात हवा भरायचं यंत्र फुसफुसत होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, हा माणूस आम्हाला धमकी देतोय. उद्या काही झालं तर 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणायला मोकळा.

"तुमच्या ओळखीत कोणाचं झालंय असं?" मी विचारलं.

"दुकानदार सांगत होता. पण आमच्याकडेही तेच ना, ताई. दोन बाटल्या सारख्या, झाकणं सारखी, आतलं औषध वेगळं. त्या आम्ही एका फळीवर ठेवतच नाही. आणि बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी एकदा परत वाचायची. कितीही घाई असली तरी."

मग त्याने सगळ्या जुन्या वायरी एकूण एक उपसून काढल्या, एका कापडी पिशवीत भरल्या, पिशवीला जाड कागद टाचला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'जुन्या. लावू नयेत.' पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली. माझ्या धंद्यात असं आहे, ज्याच्या दुकानात आग विझवायची नळकांडी फार चकचकीत असतात, त्याच्याकडे मी जास्त वेळ थांबते. मी पिशवीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, किती ती काळजी!

नवा डबा बसवून झाला. मदरबोर्डची जाडजूड वायर लागली, ग्राफिक्स कार्डची लागली. तेवढ्यात दुकानातून त्याला फोन आला, संध्याकाळच्या पाळीचा माणूस आला नव्हता. 

"डिस्कची तेवढी राहिली," तो उठता उठता म्हणाला. "खोक्यातली ही सपाट वायर. उद्या सकाळी येऊन लावतो, मग चालू करू."

"मी लावते की," बारकी म्हणाली. "एक वायर तर खुपसायचीय. तू नुसता बटण दाबायला ये."

तो हसला आणि गेला. जाताना चादर झटकून घडी करून ठेवली. हेही मला खटकलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

सकाळी बारकी आंघोळीला गेली तशी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या खोलीत शिरले. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचं झाकण तिने स्क्रू पिळून गच्च बंद केलं होतं. ते उघडलं. आता मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण जळलेल्या दुकानात गेल्यावर मी एकच गोष्ट बघते: इतरांसारखं नाही असं इथे काय आहे? मदरबोर्डची वायर सपाट, काळी, पट्टीसारखी. ग्राफिक्स कार्डची तशीच. आणि डिस्कना गेलेली वायर गोल, जाळीदार आवरणाची, जाळीत राखाडी धूळ बसलेली.

मी खुंटीवरची पिशवी काढली, 'जुन्या. लावू नयेत.' आत हात घातला. सगळ्या जाळीवाल्या वायरींच्या तळाशी एक सपाट, काळी, कोरी वायर होती. तिची खोक्यातली घडीसुद्धा अजून मोडलेली नव्हती.

सापडला, म्हटलं. लबाड सापडला! स्वतःच उपदेश करायचा, स्वतःच पिशवीत अदलाबदल करायची आणि बटण दाबताना 'अरेच्चा' म्हणायचं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती आणि मला आनंद झाला, कारण माझं बरोबर निघालं होतं. बारकी काल डिस्कची वायर स्वतः लावते म्हणाली होती, हे माझ्या लक्षात होतं. पण मी ते असं बसवलं, की त्याने खोक्यातच जुनी ठेवली, भोळ्या पोरीने ती लावली. मनात एकदा माणूस धरला, की बाकीचं सगळं आपण त्याच्याभोवती बसवत जातो.

मी शांतपणे दोन्ही डिस्क वायरीवरून उपसून काढल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि माझ्या कपाटात कुलूपबंद केल्या. वायर तशीच लोंबती ठेवली. झाकण लावलं, स्क्रू पिळले. आता बटण कोणीही दाबो, जळायला आत काही नव्हतं. मला फक्त दाबणाऱ्याचा चेहरा बघायचा होता.

तो आला तेव्हा बारकीचे केस अजून ओले होते. मी खिडकीपाशी अशी उभी राहिले की उजेड त्याच्या तोंडावर पडावा. बारकी माझ्या शेजारी, भिंतीला टेकून.

"चला," मी म्हटलं. "तुमच्याच हाताने होऊ दे शुभारंभ."

तो टेबलापाशी वाकला. बोट बटणाकडे गेलं. आणि थांबलं.

"एकदा बघून घेतो," तो म्हणाला.

"काय बघायचंय त्यात?" बारकी म्हणाली. "मी लावलंय सगळं. दाब ना."

"लगेच होईल गं. सवय आहे."

"प्रत्येक गोष्टीत तुझी सवय! किती वेळ असाच घालवणार आहेस? दाब म्हणते ना."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझी नजर त्याच्यावर खिळलेली. तो खाली बसला, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण सोडवलं आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. मग त्याने आधी भिंतीतला प्लग उपटला. इतक्या जोरात, की टेबलावरचा पेन्सिलींचा डबा आडवा झाला.

"ही... ही जुनी आहे," तो म्हणाला. त्याचा रंग उडाला होता. "ही जुनी वायर आहे. आणि डिस्क? डिस्क कुठे गेल्या?" तो कॅबिनेटमध्ये हात घालून चाचपडू लागला, मग जमिनीवर, मग टेबलाखाली. "डिस्क नाहीत इथे! कोणी घेतल्या? बारके, तुझ्या डिस्क नाहीत!"

ज्याला एखाद्या वस्तूची काळजी असते, तो ती नाही म्हटल्यावर ती शोधतो. जळलेल्या दुकानात हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. खरा मालक राखेत हात घालतो. हा माणूस गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात घालत होता.

आणि बारकीने डिस्क शोधल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

दुकान स्वतः जाळलेला माणूस मला दारात बघून जसा बघतो, तशी. मला तोंडात मारल्यासारखं झालं. काल त्याने पाच आणि बारा व्होल्टचं सांगितलं, ते मी धमकी म्हणून ऐकलं होतं. बारकीने ते सुटकेची वाट म्हणून ऐकलं होतं. 'परत काही मिळत नाही?' हे विचारणारी ती होती. मी त्या खोलीत दोन्ही वेळा चुकीच्या माणसाचं तोंड बघत बसले होते.

"डिस्क माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "कपाटात. काही झालेलं नाही त्यांना."

तो तिथेच जमिनीवर बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "ताई, तुमचे पाय धरायला हवेत. माझी चूक आहे ही. घाईत निघालो ना काल, माझ्याच हातून अदलाबदल झाली असणार. नवी पिशवीत टाकली, जुनी खोक्यात राहिली. एवढं सांगून शेवटी मीच..." त्याने कपाळावर हात मारला. "तिची इतक्या वर्षांची मेहनत गेली असती माझ्यापायी."

मी बारकी काय म्हणते याची वाट बघत थांबले. तिने फक्त ओठ मुडपले.

"नुसती वायर लावल्याने काही बिघडतं का, ते दुकानदाराला विचारून येतो," असं म्हणून तो फोन घेऊन गॅलरीत गेला. जाताना डोळे पुसले.

मी खोलीचं दार लोटलं. 

"तुझी करणी तो बिचारा स्वतःच्या माथी घेतोय, आणि तू मूग गिळून बसलीस?"

"तुला कधी कळलं?"

"आत्ता. लाज वाटते सांगायला, पण आत्ता. काय आहे त्या डिस्कवर?"

ती पलंगावर बसली. हाताची नखं बघत म्हणाली, "सुरुवात."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. सुरुवातच करतेय मी, ताई. झाली की वाटतं, बरी नाही. पुसते, परत करते. ती बाई पाण्यापर्यंत येते. पाण्यात शिरलेली मला काढताच येत नाही. आधी वाटलं, येईल. मग तू सगळ्यांना सांगत सुटलीस, होतच आली, होतच आली."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं नाही म्हणत मी." ती रडायला लागली, पण आवाज न करता. "परवा मशीन बंद पडलं ना, तेव्हा इतकं हलकं वाटलं मला. तर तो येऊन म्हणतो, डिस्क शाबूत आहेत. जळल्या असत्या तर सगळे हळहळले असते गं. तूसुद्धा जवळ घेतलं असतंस. 'झालीच नाही' म्हटल्यावर कोण हळहळतं?"

मला तिचा संताप आला होता. उलट्या हाताने एक द्यावीशी वाटत होती आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं, त्यामुळे मी दोन्ही केलं नाही. कितीतरी दुकानदार माझ्यासमोर असे बसले आहेत. धंदा बुडला हे बायकोला सांगता आलं नाही, म्हणून आग लागली हे सांगितलं. त्यांचे दावे मी नामंजूर केले आणि घरी येऊन पोटभर जेवले. आज पहिल्यांदा त्यातला एक माणूस मी लहानपणी कडेवर घेतलेला होता.

"तू सांगतेस त्याला, की मी सांगू?"

ती उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं. औषधवाला आत आला, तोंडावर जरा उजेड. "काही होत नाही म्हणाला. वायरीतून वीज गेली नाही ना, मग काही होत नाही."

मी कपाटातून डिस्क आणून दिल्या. त्याने पिशवीतली सपाट वायर काढली, खोक्यावरच्या चित्राशी ताडून बघितली, दोन्ही टोकं बसवली, परत एकदा बघितली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि बारकीच्या कामाच्या फायलींची सगळी चौकोनी चिन्हं एकेक करून वर आली.

"वाचलं!" तो लहान पोरासारखा ओरडला. "बारके, वाचलं गं सगळं!"

बारकीने तोंड पुसलं. "बसा दोघं," ती म्हणाली. "दाखवते."

तो इतका खूश झाला की खुर्ची घ्यायचीही विसरला, जमिनीवरच बसला. मी पलंगाच्या कडेला. तिने फाइल उघडली.

पडद्यावर निळसर उजेड आला. पोहण्याचा तलाव, रिकामा, सकाळचा. एक जाड म्हातारी टॉवेल खांद्यावर टाकून येते. चपला काढते. एक चप्पल उलटी पडते, ती वाकून सरळ करते. ती वाकते तेव्हा तिचा एक हात आपोआप कमरेवर जातो, आणि मला माझी सगळी गेलेली माणसं आठवली. इतकं सुंदर काही त्या खोलीत होत होतं आणि मी फक्त वायरी बघत होते. म्हातारी शिडीपाशी येते. लोखंडी दांडा धरते. एक पाऊल खाली सोडते. अंगठा पाण्याच्या अगदी वर.

आणि पडदा पांढरा झाला.

आम्ही बसून राहिलो. औषधवाला पुढे झुकून, हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत होता.

"लोड होतंय का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," बारकी म्हणाली. "एवढंच आहे."

"एवढंच म्हणजे? बाकीचं दुसऱ्या डिस्कवर?"

"दुसऱ्या डिस्कवरही एवढंच आहे. एवढंच झालंय." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "आणि ती वायर तू बदलली नाहीस. मी लावली होती. जळावं म्हणून."

त्याला समजायला वेळ लागला. मी त्याचं तोंड बघत होते, आता मात्र नको वाटत होतं तरी. आधी तो तिच्याकडे बघून हसला, थट्टा असेल म्हणून. मग कॅबिनेटकडे बघितलं. मग परत तिच्याकडे, आणि या वेळी निराळंच. तिच्या हातांकडे, टेबलाच्या खणाकडे, खुंटीकडे. तो उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिचं तोंड बांधायला लागला.

"ही मी दुकानात नेऊन ठेवतो," तो म्हणाला. "इथे नको."

बारकीने मान खाली घातली.

लग्न ठरल्यापासून मी त्या माणसाकडे तशाच नजरेने बघत आले होते. आता तो माझ्या बहिणीकडे तसं बघत होता, आणि मला ते बघवेना. ज्याने आजवर फक्त बाटल्यांवर संशय घेतला, माणसांवर कधी नाही, त्याला आमच्या घराने हे शिकवलं होतं.

मी उठले आणि पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"द्या ती इकडे. संशय घ्यायचं काम माझं आहे, माझ्या ऑफिसात राहील ती. तुम्हाला नाही जमायचं ते, आणि जमवूही नका."

त्याने पिशवी सोडली.

"सोमवारी मी येते तुझ्याबरोबर," मी बारकीला म्हटलं. "समितीला जे आहे ते सांगायचं. तू सांगायचंस, मी नुसती शेजारी बसेन."

तिने मान हलवली. औषधवाला अजून उभाच होता, दाराच्या आणि खुर्चीच्या मध्ये, कुठे जावं हे न ठरलेल्या माणसासारखा. मग त्याने खुर्ची ओढली, तिच्यापासून थोडी लांबच, आणि बसला.

"परत लाव," तो म्हणाला. "ती चप्पल सरळ करते तिथून."